पिल्लाचे पहिले ग्रूमिंग : पार्लर नंतर, सवय आधी

प्रश्न : आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. अडीच आठवड्यांपूर्वी आमच्याकडे शित्झू जातीच्या कुत्र्याचे मादी पिल्लू आले. तिचे नाव चिंगी. आता ती ११ आठवड्यांची आहे. आल्यानंतर चौथ्याच दिवशी अंगाला वास येतो म्हणून आम्ही तिला आमच्याच शांपूने आंघोळ घातली आणि हेअर ड्रायरने वाळवले. तेव्हापासून बाथरूमचा नळ सोडल्याचा आवाज आला तरी ती दिवाणाखाली जाऊन बसते, आणि ब्रश हातात घेतला की एक तर त्याला चावते नाही तर पळून जाते. कानामागे केसांच्या गाठी होऊ लागल्या आहेत. पशुवैद्य म्हणतात की लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्लरमध्ये नेऊ नका. माझी बहीण म्हणते की एकदाच नेऊन सगळे केस काढून टाक, पावसाळ्यात कटकट नको. सासूबाईंच्या मते आधी खोबरेल तेल आणि मग दर रविवारी शिकेकाईने आंघोळ, एवढे पुरेसे आहे. ग्रूमिंगची सुरुवात नेमकी कधी आणि कशी करावी? घरासाठी ट्रिमर घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पशुवैद्यांचे म्हणणे योग्यच आहे, मात्र त्या सूचनेचा जो अर्थ घरोघरी घेतला जातो, तो बरोबर नाही. ‘लसीकरण होईपर्यंत पार्लर नको’ हे ऐकून बहुतेक कुटुंबे तोवर पिल्लाच्या अंगाला ब्रशही लावत नाहीत, आणि मग चार-साडेचार महिन्यांचे ते पिल्लू एके दिवशी अनोळखी टेबलावर, अनोळखी माणसाच्या हाती, मशीनच्या घरघराटात आयुष्यात पहिल्यांदाच नखे आणि केस कापून घ्यायला उभे केले जाते. थांबायचे आहे ते पार्लरसाठी. सवयीचे काम तुम्ही आज संध्याकाळपासून घरीच सुरू करू शकता, आणि चिंगीच्या बाबतीत ते आजच सुरू करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण तिच्या वयात आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की पिल्लू नवे आवाज, नवे स्पर्श, नवी माणसे तुलनेने सहजपणे स्वीकारते. त्यानंतर अनोळखी गोष्टीबद्दलचा संशय हळूहळू वाढत जातो. पुढे काहीच शिकवता येत नाही असे मुळीच नाही, पण तेच शिकवायला मग कितीतरी अधिक वेळ आणि संयम लागतो. शिवाय शित्झूचे केस लॅब्राडॉरसारखे ठरावीक लांबीवर थांबत नाहीत, ते वाढतच राहतात. दर सहा आठवड्यांनी एकदा केस कापून घ्यायचे म्हटले, तरी बारा वर्षांच्या आयुष्यात तिला शंभराहून अधिक वेळा या प्रसंगाला सामोरे जावे लागेल. ते शंभर प्रसंग भीतीचे असावेत की कंटाळवाणे पण सहन होण्याजोगे, हे येत्या काही आठवड्यांवर बरेचसे अवलंबून आहे.

आता त्या आंघोळीविषयी. आई आणि भावंडांपासून तुटून जेमतेम चार दिवस झालेले पिल्लू, पायाखाली गुळगुळीत ओली फरशी, प्लॅस्टिकच्या बादलीत पडणाऱ्या धारेचा दणका, डोळ्यांत शांपू आणि शेवटी तोंडावर गरम वारा, एवढ्या साऱ्या गोष्टी अर्ध्या तासात तिच्यावर येऊन कोसळल्या. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूपच तीव्र ऐकू येते आणि आपल्या कानांना न जाणवणारे उच्च कंप्रतेचे आवाजही त्याला जाणवतात, हे लक्षात घेतले तर बंद बाथरूममधला तो गोंगाट तिला कसा वाटला असेल याची कल्पना येईल. तिने धसका घेतला आहे. हा हट्ट नाही आणि नखराही नाही. म्हणून पुढचे तीन आठवडे आंघोळ पूर्णपणे बंद ठेवा. निरोगी पिल्लाला तेवढ्या काळात आंघोळीवाचून काही होत नाही. अंगाला काही लागलेच, तर कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ सुती कापडाने तेवढाच भाग पुसा.

पहिले साधन म्हणजे तुमचा हात. दुपारच्या जेवणानंतर पिल्लू पेंगुळलेले असते. ती वेळ निवडा. जमिनीवर योगा मॅट किंवा रबरी चटई अंथरून तिच्या शेजारी बसा, तिच्यावर वाकून उभे राहू नका. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुरीच्या डाळीएवढे तुकडे वाटीत घेऊन वाटी पाठीमागे ठेवा. खांद्याला हात लावा, एक-दोन क्षण तसाच ठेवा, हात काढा आणि मग तुकडा द्या. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, नंतर खाऊ. उलटे केले, म्हणजे खाऊ दाखवून मग हात लावला, तर पनीर दिसले की आता काहीतरी होणार हे पिल्लू फार लवकर ताडते आणि खाऊलाच घाबरू लागते. खांद्याला हात लावल्यावर तिची मान वाटीच्या दिशेने वळू लागली, की समजावे की स्पर्श आणि खाऊ यांची गाठ तिच्या डोक्यात पडली. त्यानंतर पाठ, छाती, पोट, कानाची पाळी आणि सर्वांत शेवटी पंजे. पंजा नुसता हातात घेणे, मग बोटाने गाद्यांमधील केस बाजूला करणे, मग एकेक नख किंचित दाबणे, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. त्या एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळा.

एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. दिवसातून दोनदा केले तर उत्तम. ती कंटाळायच्या आधी तुम्ही थांबायचे, हा या साऱ्या कामातला सर्वांत कठीण नियम आहे, कारण नेमके सगळे छान चालले असतानाच माणसाला ‘आता आलोच आहोत तर नखेही कापून टाकू’ असे वाटते. पिल्लू बोलत नसले तरी सांगत असते. समोर खाणे नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, तोंड फिरवून घेणे, डोळ्याच्या कडेचे पांढरे दिसेल अशा तिरक्या नजरेने पाहणे, शेपूट आत घेणे, अंग एकदम ताठ करून निश्चल होणे, ही सारी नापसंतीची चिन्हे आहेत. निश्चल झालेल्या पिल्लाला ‘किती शहाणी आहे, हलत पण नाही’ असे म्हणणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. ते शहाणपण नव्हे, ती भीती असते. अशा वेळी एक पायरी मागे जा. आणि ती गुरगुरली तर तिला रागावू नका, कारण गुरगुरण्यावर बंदी आली तर पुढच्या वेळी ती इशारा न देता थेट चावेल.

हे काम सासूबाईंनी करावे असे मी सुचवेन. दुपारी घरी असणारे, घाई नसणारे आणि तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालण्याचा हात असणारे माणूस यासाठी सर्वांत योग्य. फक्त तेल मात्र त्यांना बाजूला ठेवायला सांगावे लागेल. तेलकट केसांना धूळ चिकटते, गुंता वाढतो, आणि उरलेले तेल चिंगी चाटून पोटात घेते.

ब्रशकडे वळू. तिला सध्या ब्रश हे खेळणे वाटते, कारण तिने धरले की तुम्ही ओढता आणि तुम्ही ओढले की तिला आणखी मजा येते. ब्रश दोन दिवस नुसता चटईवर ठेवा. तिने हुंगला की खाऊ द्या. मग ब्रशची पाठ तिच्या अंगावरून एकदा फिरवा, आणि नंतरच दाते. या वयात हिरड्या शिवशिवतात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागले की प्रत्येक वस्तू तोंडात जाते. म्हणून दुसऱ्या हातात तिच्यासाठी चावायचे रबरी खेळणे असू द्या. नाकावर चापट मारणे किंवा मान पकडून दाबणे यांतून ती फक्त एवढेच शिकेल की ब्रश दिसला म्हणजे माणसाचा हात वाईट वागतो.

तिच्यासाठी गोल टोकांच्या दात्यांचा मऊ पिन ब्रश आणि एक धातूचा कंगवा, जो एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात्यांचा असतो, एवढेच आता पुरे. शित्झूच्या घरी सर्वाधिक होणारी चूक म्हणजे वरवरचे केस विंचरणे: वरून रेशमासारखे दिसते आणि आत, त्वचेजवळ, केसांची गादी तयार होत असते. एका हाताने केस वर उचलून धरावेत, खाली त्वचेची रेघ दिसेल एवढा एकच पातळ थर सोडावा, तो मुळापासून टोकापर्यंत विंचरावा आणि मग वरचा पुढचा थर सोडावा. शेवटी कंगवा त्वचेपासून बाहेरपर्यंत न अडकता गेला पाहिजे. कोरडे केस विंचरताना तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा कापडावर मारून ते केसांवरून फिरवावे. फवारा थेट तिच्या अंगावर मारू नका, तो फुसकारणारा आवाज सध्या तिला नको आहे.

कानामागच्या गाठींचे काय? कान उलटून पाहा: गाठ जिथे आहे तिथे कानाच्या मुळाशी त्वचा अतिशय पातळ असते आणि गाठ ओढली की ती त्वचाही तंबूसारखी वर येते. म्हणूनच गाठ कात्रीने कापू नये. केस कापतो आहोत असे वाटत असताना कातडी कापली जाते आणि टाके घालण्याची वेळ येते. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, गाठीच्या आणि त्वचेच्या मधला भाग दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे ओढ त्वचेला बसणार नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून बोटांनी व कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दात्यांनी थोडी थोडी मोकळी करा. एका बैठकीत एक गाठ. काखेत, पट्ट्याखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूलाही पाहायला विसरू नका. गाठी असताना आंघोळ घातली तर भिजून वाळताना त्या आणखी आवळतात, हे आंघोळ लांबणीवर टाकण्याचे आणखी एक कारण. साधारण आठव्या ते बाराव्या महिन्यात पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा गुंता अचानक दुप्पट झाल्यासारखा वाटेल; त्या वेळी रोज विंचरणे टळणार नाही.

तीन आठवड्यांनंतर आंघोळ पुन्हा सुरू करायची, पण बाथरूमची ओळख त्याआधीच करून द्यायची. पहिले काही दिवस तिचे जेवणाचे भांडे बाथरूमच्या दाराबाहेर ठेवा, मग उंबऱ्यावर, मग आत कोरड्या फरशीवर. ती आत निवांत खाऊ लागली की रबरी चटई घातलेल्या कोरड्या टबमध्ये उभी करून खाऊ द्या आणि बाहेर काढा. प्रत्यक्ष आंघोळीच्या दिवशी टबात तिच्या कोपरापर्यंत येईल एवढे कोमट पाणी आणि एक बादली आधीच भरून ठेवा, म्हणजे ती आत असताना नळ सोडावाच लागणार नाही. पाणी मगाने, मागच्या पायांपासून पुढे. डोक्यावर ओतू नये, चेहरा फक्त ओल्या कापडाने पुसावा. शित्झूचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्यांच्या बुबुळाला इजा लवकर होते, त्यामुळे साबण डोळ्यांत जाणे ही तिच्यासाठी किरकोळ गोष्ट नाही. याच कारणासाठी शिकेकाई आणि रिठा दोन्ही नकोत. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने उदासीन. म्हणून आपला शांपू तिची त्वचा कोरडी पाडतो. पिल्लांसाठीचा सौम्य शांपू घ्या. त्यात डेटॉलसारखे जंतुनाशक मिसळू नका. कापराच्या तेलाचे आणि टी ट्री ऑइलचे उपाय सुचवणारे लोक भेटतील. ही दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

आंघोळीपेक्षा वाळवणे महत्त्वाचे, आणि ठाण्याच्या जून ते सप्टेंबरमध्ये तर ते सर्वांत जिकिरीचे. आपले पंचे जिथे तीन-तीन दिवस दोरीवर ओलसर राहतात, तिथे दाट केसांचे पिल्लू पंख्याखाली आपोआप वाळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ओल मुळाशी राहिली की खाज, बुरशी आणि ओल्या जखमा होतात. मऊ पंच्याने चोळू नका, दाबून पाणी टिपा. पंचा बदला आणि पुन्हा टिपा. ड्रायर मात्र आत्तापासूनच ओळखीचा करा: दुसऱ्या खोलीत, दार लोटून, सर्वांत कमी वेगावर कोणीतरी तो चालू करावा आणि इकडे तिला खाऊ मिळावा; आवाज थांबला की खाऊही थांबावा. अंतर रोज थोडे कमी करा. अंगावर येईल तेव्हा तो थंड हवेवर असावा आणि तोंडावर कधीच नसावा, कारण चपट्या नाकाच्या जातींना उष्णता लवकर बाधते. ही आवाजाची सवय फक्त ड्रायरपुरती उपयोगी पडते असेही नाही; गणपतीत ढोलताशांची पथके दारावरून जाऊ लागतील, तेव्हा तुम्हाला त्याचा फायदा कळेल.

नखांची घाई नको. आधी नखकात्री तिच्याजवळ बसून सुक्या मॅकरोनीवर चालवा. तो कट्‌ आवाज आणि खाऊ यांची सांगड बसली की एका दिवशी एकच नख, तेही टोकाची कपची निघेल एवढेच कापा. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून काळी नखे कानशीने घासलेली बरी. रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण रोज ओल्या कापसाने पुसावी, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. कानात इअर बड घालू नये. दात घासायची सवय बोटाला गुंडाळलेल्या ओल्या कापडाने लावावी, आणि आपली टूथपेस्ट मुळीच वापरू नये. पिल्लू ती गिळते आणि त्यातले फ्लोराइड, तसेच काही पेस्टमधले झायलिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ), तिला अपायकारक असते.

विंचरताना गोचीड आढळली तर रॉकेल ओतू नका आणि काडीही लावू नका. बारीक चिमट्याने तिला त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा आणि पशुवैद्यांना कळवा. औषधाचे थेंब चिंगीच्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे तेच ठरवतील. ते थेंब टाकण्याच्या आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नसते, एवढे लक्षात ठेवा.

बहिणीच्या सल्ल्याविषयी. आखूड केस ठेवणे चूक नाही. मोठी झाल्यावर पावसाळ्यापुरते तिचे केस सर्व बाजूंनी एक-दीड इंच ठेवले तर तुमचे आणि तिचे दोघींचेही हाल कमी होतील. परंतु पहिल्याच भेटीत तासभर मशीन चालवून अंग भादरणे म्हणजे त्या आंघोळीचीच पुनरावृत्ती होय, आणि तीही घराबाहेर. शिवाय लसीकरणाचा मुद्दा खराच आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या परिणामात अडथळा आणू शकते, म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या सूचनांनुसार मुख्य लसींचा अखेरचा डोस १६ आठवड्यांचे वय झाल्यावर किंवा त्यानंतर दिला जातो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि रोजच्या फिनेलने मरत नाही. जिथे दिवसभर वेगवेगळे कुत्रे येतात, ती जागा त्याच्यासाठी सोयीची. अखेरच्या डोसनंतर नेमके किती दिवस थांबायचे हे तुमच्या पशुवैद्यांना विचारा.

तोवर चिंगीला कडेवर घेऊन पार्लरच्या दारापर्यंत जायला, पशुवैद्यांची हरकत नसेल तर, अडचण नाही. तिला खाली ठेवू नका, कोणाच्या कुत्र्याला हुंगू देऊ नका. काचेबाहेर उभे राहून आतला आवाज ऐकवा, खाऊ द्या, परत या. त्या निमित्ताने तुम्हालाही जागा पाहता येईल. लसीकरणाचे कार्ड स्वतःहून मागणारे पार्लर मला अधिक विश्वासाचे वाटते. वाळवण्यासाठी पिल्लाला बंद पिंजऱ्यात गरम हवेखाली ठेवतात का, टेबलावर बांधून कोणी बाजूला जाते का, तुम्हाला काचेतून पाहू देतात का, पिल्लू घाबरले तर काम अर्धवट सोडून परत पाठवायची त्यांची तयारी आहे का, हे स्पष्ट विचारा. शेवटच्या प्रश्नावर ‘आम्ही बरोबर धरतो, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले तर दुसरे ठिकाण शोधा. पहिली भेट पंधरा मिनिटांची, फक्त विंचरणे आणि टेबलावर खाऊ. दुसरीत डोळ्यांपुढचे, पंजांचे आणि शेपटीखालचे केस. पूर्ण कटिंग त्यानंतर. वेळ मधल्या वारी सकाळची घ्या. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडच्या गर्दीत तासभर रिक्षात हिंदकळून आलेल्या पिल्लाकडून कोणत्याही ग्रूमरला सहकार्य मिळणार नाही. घरी येणाऱ्या ग्रूमरचा पर्यायही आहे. मात्र तेव्हाही त्याची हत्यारे निर्जंतुक केलेली आहेत ना, हे आधी पाहावे.

एवढे करूनही ती एकाच विशिष्ट जागी हात लावला की दचकत असेल, डोके सतत झटकत असेल, कानाला वास येत असेल किंवा कुठे केस जाऊन गोल चकंदळ दिसत असेल, तर ते सवयीचे नव्हे, दुखण्याचे लक्षण असू शकते. तेव्हा प्रशिक्षण थांबवून आधी दाखवून आणा. गोल चट्टे गजकर्णाचे असले तर ते घरातल्या माणसांनाही होतात.

ट्रिमर आत्ता घेऊ नका. पूर्ण कटिंग घरी करण्याइतका तुमचा हात बसायला वेळ लागेल, आणि शिकण्यासाठी चिंगी हे योग्य गिऱ्हाईक नाही. पुढे पंजांच्या गाद्यांमधले केस काढण्यापुरते कमी आवाजाचे छोटे मशीन घेता येईल. घेतलेत तर ते पहिले काही दिवस बंदच ठेवून तिला हुंगू द्या, आणि मग दुसऱ्या खोलीत चालू करा, ड्रायरच्या वेळी केले होते तसेच.